सोडलेले दाणे

“सोमवारी यंत्राला आधी घरचं रक्त दाखवायचं. ते गप्प राहिलं, तरच दुसऱ्याच्या दारात पाऊल टाकायचं.”

डॉक्टर नसरीन अत्तार यांनी प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी हे सांगितलं होतं आणि स्वप्नाली शेटेच्या कानात ते एखाद्या आरतीच्या ओळीसारखं बसलं होतं. सोमवारी देवापुढे निरांजन लावून झालं की तिचे पाय आपोआप जिन्याकडे वळत. वरच्या मजल्यावर तिच्या थोरल्या जाऊबाई राहत. त्यांचं नाव शैलजा, पण स्वप्नालीला त्या नुसत्या ‘वहिनी’. त्यांच्या करंगळीचा एक थेंब म्हणजेच ते घरचं रक्त.

काम तसं साधं होतं. मोठ्या माणसांपैकी किती जणांना अन्नाची अ‍ॅलर्जी असते, हे मोजायचं. ऐकायला सोपं, करायला अवघड. कुणालाही विचारा, “मला अमुक चालत नाही” असं एक तरी नाव निघतंच. कुणाला वांगं चालत नाही, कुणाला दूध, कुणाला सासरकडची आमटी. खरी अ‍ॅलर्जी त्यातल्या थोड्यांनाच असते. पूर्वी खात्री करायची तर माणसाला दवाखान्यात बसवून तोच पदार्थ थोडा थोडा चारावा लागे आणि डॉक्टर इंजेक्शन हातात धरून समोर बसत. अशानं गावंच्या गावं कशी मोजणार?

म्हणून ही डबी निघाली. तळहाताएवढी, आत बारा खळगे. एकात शेंगदाण्याचं प्रथिन, एकात दुधाचं, मग अंडं, गहू, तीळ, काजू, कोळंबी, वांगं असं करत बारा. आपल्या रक्तात काही पेशी चौकीदारासारख्या फिरत असतात आणि त्यांच्या पोटात दाह करणाऱ्या रसायनांच्या पुड्या भरलेल्या असतात. एखाद्या पदार्थाला शरीरानं एकदा शत्रू ठरवलं, की तो दिसताक्षणी या पुड्या फुटतात. अंगात फुटल्या तर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो, कधी माणूस कोसळतो. डबीत फुटल्या तर खळगा नुसता निळा होतो. माणूस खुर्चीत चहा पीत बसलेला असतो आणि दहा मिनिटांत त्याच्या रक्ताची साक्ष नोंदवून होते.

मागच्याच आठवड्यात एका निवृत्त तलाठ्यांकडे ही गंमत झाली होती. दत्ताजीराव तीस वर्षं वांग्याला हात लावत नव्हते. “अंगावर पित्त उठतं,” म्हणाले. डबीतला वांग्याचा खळगा पाण्यासारखा स्वच्छ राहिला.

“यंत्र बिघडलंय,” दत्ताजीराव म्हणाले.

“यंत्राला कशाला दोष देता,” दाराआडून त्यांच्या मंडळी म्हणाल्या. “तीस वर्षं दोन-दोन भाज्या करतेय मी. आज रात्री भरली वांगी. बाई, तुम्हीपण या जेवायला.”

स्वप्नालीनं हसू आवरत फॉर्म भरला. त्या फॉर्मात एक प्रश्न होता: हा पदार्थ का खात नाही? खाली तीन चौकोन. आवड नाही. त्रास होतो. धार्मिक कारण. तिसऱ्या चौकोनात खूण केली की त्या माणसाचं रक्त घ्यायचं नाही, पुढच्या माणसाकडे वळायचं. धर्म आणि आजार यांची सरमिसळ नको, अशी मूळची कल्पना. स्वप्नालीलाही ती पटली होती. ती स्वतः सोमवार करणारी, गुरुवारी मीठ न खाणारी बाई. देवासाठी सोडलेल्या गोष्टीला कुणी सुई लावू नये, असंच तिला वाटे.

घरचं रक्त द्यायला मात्र असं माणूस हवं होतं, ज्याची कुठल्याही अन्नाबद्दल काहीही तक्रार नाही. त्याच्या थेंबानं बाराच्या बारा खळगे स्वच्छ राहिले पाहिजेत. नाहीतर डबी तरी बिघडलेली किंवा हात तरी अस्वच्छ. वहिनींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “मला कशाचा म्हणून त्रास नाही बाई. दगड खाऊन पचवीन.”

त्या सोमवारी वहिनींनी नेहमीसारखी करंगळी पुढे केली. बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यात कोकमतेल भरलेलं होतं. घरभर भाजल्या दाण्यांचा वास होता. गेला महिनाभर त्यांचं हेच चाललेलं: शेंगा फोडायच्या, दाणे निवडायचे, भाजायचे, हातानं चोळून सालं पाखडायची. टेकाईच्या देवळात लाडू वाटायचेत म्हणून भाऊजींनी बावीस किलो शेंगा आणून टाकल्या होत्या. देवळाचं म्हटल्यावर स्वप्नालीनं जास्त चौकशी केली नव्हती.

“झालं का तुझं? कढई चढवलीय मी,” वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

स्वप्नाली जिन्यातच बसली. दहा मिनिटांनी डबीकडे पाहिलं तर पहिला खळगा निळा होता. फिकट नव्हे, शाईच्या दौतीसारखा.

गेले तीन सोमवार त्याच खळग्यात तिला एक धूसर छटा दिसत होती. दाण्याचा कोंडा उडत असेल, म्हणून तिनं डबीची काच पुसली होती आणि ‘स्वच्छ’ लिहून पुढे गेली होती.

तिनं खाली येऊन हात कोपरापर्यंत धुतले, नवी डबी फोडली आणि स्वतःचं बोट टोचलं. बाराही खळगे गप्प. मग वर जाऊन वहिनींच्या दुसऱ्या हाताचा थेंब घेतला.

“आज काय दोन-दोनदा? रक्त विकतेस की काय माझं,” वहिनी म्हणाल्या.

पुन्हा निळा. पुन्हा फक्त शेंगदाणा.

तिनं अत्तार मॅडमना सांगलीला फोन लावला.

“शेवटचे कधी खाल्ले त्यांनी दाणे?” मॅडमनी विचारलं.

“त्या खात नाहीत.”

“कधीपासून?”

या प्रश्नाचं उत्तर स्वप्नालीला माहीत होतं, पण ते असं कुणाला सांगायची वेळ आली नव्हती. “माझी आर्वी झाली त्या वर्षापासून. मला वाटायचं, माझ्या हातचं खायचं नाही म्हणून.”

आणि खरंच तिला तसं वाटत आलं होतं. संक्रांतीला ती दाण्याचं कूट घातलेला तिळगूळ द्यायची. वहिनी हातावर घ्यायच्या, गोड बोलायच्या आणि वडी पदराच्या टोकाला बांधायच्या. शेंगाच्या पोळीचं ताट वर पाठवलं की तसंच्या तसं खाली यायचं. उपासाला तिच्या खिचडीला नाही म्हणून त्या कूट न घालता स्वतःपुरती वेगळी करायच्या, गोळा झालेली, बेचव. बावीस वर्षं. भांडण कधी झालं नाही; पण वरच्या आणि खालच्या मजल्याच्या मध्ये जिन्याखेरीज आणखी काहीतरी होतं, आणि त्याचं नाव स्वप्नालीनं मनात ‘गर्व’ असं ठेवलं होतं.

“फॉर्मवरचा कोणता चौकोन आहे ते त्यांना विचारा,” मॅडम म्हणाल्या. “आणि मी येईपर्यंत त्यांना दाण्याला हात लावू देऊ नका. तोंडाला तर नाहीच.”

वहिनी कढईसमोर बसल्या होत्या. स्वप्नालीनं आधी गॅस बंद केला.

“अगं, कच्चे राहतील.”

“वहिनी, तुम्ही दाणे का खात नाही?”

झारा कढईत फिरायचा थांबला. “तुझ्या यंत्रानं काय सांगितलं?”

“दाणा पोटात गेला तर तुमच्या जिवाला धोका आहे, असं सांगितलं.”

वहिनी हसल्या. “बावीस वर्षं गेला नाही म्हणून बरं मग. पण उद्या जायचाय.”

मग त्या सांगायला लागल्या. आर्वी सातव्या महिन्यात झाली, ते साथीचं वर्ष. पोर काचपेटीत, स्वप्नाली तापात दुसऱ्या वॉर्डात, आत कुणाला सोडत नव्हते. वहिनी दवाखान्याच्या फाटकाबाहेर तीन दिवस बसून होत्या. चौथ्या दिवशी रखवालदार म्हणाला, बाई, घरी जा, त्या पोरीचं काही खरं नाही. त्या दिवशी त्यांचा मंगळवार होता. उपासाचे चार दाणे तोंडात टाकायला म्हणून मूठ उघडलेली होती. ती त्यांनी तशीच मिटली.

“टेकाईला म्हटलं, ही पोर घराबाहेर पडून स्वतःच्या हातानं शिजवून खाईपर्यंत मी दाणा खाणार नाही. ती खायला लागली की तुझ्या पायरीवर बसून मूठभर खाईन आणि लाडू वाटीन.” वहिनींनी पदरानं कपाळ पुसलं. “मागल्या महिन्यात अकोल्याहून फोन आला पोरीचा. मोठ्या आई, आज आमटी केली, म्हणे, हिंग जास्त पडला. मी फोन ठेवला आणि ह्यांना शेंगा आणायला पाठवलं.”

“मला कधी बोलला नाहीत.”

“बोललेला नवस विरतो, अशी आमच्या आईची शिकवण. फेडून झाला की सांगणार होते. उद्या मंगळवार ना.”

“मी तिळगूळ द्यायची तेव्हा…”

“माहीत होतं मला, तुझा चेहरा पडायचा ते. काय करणार. एका तोंडानं दोन्ही कुठं जमतं?” वहिनींनी खिडकीबाहेर बोट केलं. “तुझ्या सगळ्या वड्या मी खारीला घातल्या बरं का, त्या चिंचेवरच्या. टाकली एकही नाही.”

स्वप्नालीनं ती कढई उचलून खाली नेऊन ठेवली.

अत्तार मॅडम दुपारी आल्या. साठीच्या जवळ आलेल्या, डोक्यावरून ओढणी, पायात जाड तळाच्या चपला. दारातच स्वप्नालीकडून नवसाचं ऐकून घेऊन त्यांनी वहिनींचे हात उजेडात धरून पाहिले, भेगांवरून बोट फिरवलं.

“वहिनी, घरात पाहुणा कुठून येतो?”

“दारातून.”

“बरोबर. अन्नाचं दार म्हणजे तोंड. तिथून आलेल्याला पोट हळूहळू ओळखायला शिकतं, हा आपला आहे म्हणतं. पण कुणी भिंत फोडून आत आला तर?”

“चोर म्हणणार.”

“तुमच्या शरीरानं तेच केलं. बावीस वर्षं दारातून एक दाणा आला नाही, त्यामुळे पोट ओळख विसरत गेलं. आणि घरच्यांसाठी तुम्ही रोज दाणे भाजत होता, कुटत होता. त्याचा कोंडा या भेगांतून आत जात राहिला. गेल्या महिन्यात तर चोवीस तास. आता तुमचं रक्त दाण्याला चोर समजतं. उद्या तो दारातून मूठभर आला, तर सगळे चौकीदार एकदम तुटून पडतील. टेकाईच्या पायऱ्या किती?”

“दोनशे दहा.”

“दोनशे दहा पायऱ्यांवर मला तुमच्यापर्यंत वेळेत पोचता येणार नाही.”

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. “डॉक्टरबाई, तुमचं सगळं खरं असेल. पण देवीच्या प्रसादानं आजवर कुणी मेलेलं नाही.”

“मी प्रसादाबद्दल बोलत नाहीये. शेंगदाण्याबद्दल बोलतेय.”

“मला माझी भीती नाही हो. चौसष्ट वर्षं झाली, पुष्कळ झालं. नवस लोंबकळत राहिला तर तो कुणाच्या डोक्यावर? पोरीच्या. तिचे श्वास मागून आणलेत मी. घेतलं आणि फेडलं नाही, असं कसं करू?”

स्वप्नालीला वाटलं, या क्षणी आपण ‘वहिनी, असं काही नसतं’ म्हणालो तर ते खोटं ठरेल. कारण ती स्वतः तसं मानत होती. पायरीवर कोसळलेल्या वहिनी तिला डोळ्यांपुढे दिसत होत्या आणि अकोल्यात खोकणारी आर्वीही दिसत होती. दोन्हींतलं एक पुसून दुसरं ठेवणं तिला जमेना.

अत्तार मॅडमनी पाण्याचा घोट घेतला. “आमच्यात आजारी माणसाला रमजानचा रोजा न धरायची मुभा असते. मी स्वतः दोन वर्षं सोडलेत, ऑपरेशन झालं तेव्हा. पण सोडले म्हणजे सुटले नाहीत. बरं वाटल्यावर एकेक करून पुरे केले. थंडीत, एकटीनं, घरात बाकीचे जेवत असताना. उशिरा पुरा केला म्हणून तो मोडला, असं आम्ही धरत नाही.”

“तुमच्यात तसं लिहून ठेवलंय,” वहिनी म्हणाल्या. “आमच्या टेकाईचं काही लिहिलेलं नाही. तिला विचारावं लागतं.”

“आणि उशिरा म्हणजे किती उशिरा?” स्वप्नालीनं मॅडमना विचारलं. “कधीतरी खाता येईल का त्यांना?”

“उपचार आहे. तिळाच्या शंभराव्या भागाएवढी दाण्याची पूड, दह्यात कालवून. पहिल्यांदा दवाखान्यात, मग घरी. रोज तेवढीच, ठरलेल्या वेळी. पंधरा दिवसांनी किंचित वाढ, तीही दवाखान्यातच. घेतल्यावर दोन तास कुणीतरी शेजारी बसून राहायचं, घसा आवळलाच तर टोचायचं इंजेक्शनचं पेन हाताशी ठेवून. एक दिवसही चुकवायचा नाही. वर्ष लागेल, दीड लागेल. आणि वहिनी, मी खोटं सांगणार नाही. या वयात सगळ्यांना जमतंच असं नाही. जमलं तरी मूठ होईल असं नाही. कदाचित एक दाणा, दोन दाणे.”

“रोज, ठरलेल्या वेळी, एक दिवस न चुकवता,” वहिनी पुटपुटल्या. “म्हणजे नेमच की.”

“नेमच,” मॅडम म्हणाल्या.

“बावीस वर्षं न खायचा नेम केला. आता खायचा करायचा.” वहिनी हातांकडे बघत राहिल्या. “दोन तास माझ्याशेजारी बसणार कोण? ह्यांना तर पेपर वाचता वाचता झोप लागते.”

“मी बसेन,” स्वप्नाली म्हणाली.

“तुला तुझी घरं मोजायची असतात.”

तेव्हा मॅडम कसनुसं हसल्या. “मोजणी थांबलीच आहे, वहिनी. तुमच्यामुळे.” आणि त्यांनी सांगितलं, की येताना गाडीत बसल्या बसल्या त्यांनी जिल्ह्यातल्या सगळ्या ‘घरच्या रक्तां’ना फोन केले होते. तेवीस माणसं. तक्रार काहीच नाही म्हणून निवडलेली. आज त्यांना पहिल्यांदा वेगळा प्रश्न विचारला: तुम्ही काय सोडलंय? नऊ जणांनी काही ना काही सोडलेलं निघालं. कुणी चातुर्मासात, कुणी काशीला, कुणी मुलाच्या परीक्षेसाठी. “खात नाही म्हणून त्रास नाही, आणि त्रास नाही म्हणून आम्ही त्यांना निरोगी धरलं. वर तो तिसरा चौकोन. ज्या ज्या घरात आम्ही त्यात खूण केली, तिथलं रक्त आम्ही पाहिलंच नाही. त्यातल्या कुणाचं उद्यापन कधी आहे, कुणाला माहीत?”

स्वप्नालीनं मनातल्या मनात आकडा काढला. तिच्या एकटीच्या फॉर्मांमध्ये चारशेच्या वर तशा खुणा होत्या. सगळी दारं पुन्हा. पहिल्यांदाच तिला त्याचा कंटाळा आला नाही. भीती वाटली, उशीर होईल याची.

“ती घरं मी संध्याकाळी करेन,” ती म्हणाली. “सकाळ वहिनींची.”

वहिनींनी पदराचं टोक सरळ केलं. मग म्हणाल्या, “एक दाणा तर एक दाणा. पण उद्याचं काय? मी उद्या येते, असं तिला सांगून बसलेय. बहुतेक लाडू वळून झालेत. ती वाट बघणार.”

“लाडू भाऊजी गाडीतून आणतील. मी जाऊन वाटते.”

“वाटशील. पण मी का आले नाही, ते तिला सांगणार कोण?”

“मी सांगते.”

“तसं नाही.” वहिनी आता खुर्चीतच पुढे सरकल्या. “मनातल्या मनात सांगायचं नाही. तुम्ही आजकालच्या डोळे मिटता आणि झालं म्हणता. मंगळवारी तिच्यापुढे माणूस मावत नाही, मनातलं कुणाकुणाचं ऐकणार ती? गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभं राहून मोठ्यानं बोलायचं. माझं नाव घेऊन. का उशीर होतोय ते सगळं, हे रक्ताचं, चौकीदारांचं, सगळं. आणि विचारायचं, चालेल का म्हणून.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर. लाज वाटते?”

स्वप्नालीला लाज वाटत होती. घरात चार माणसांसमोर आरती म्हणतानाही ती आवाज खाली ठेवायची. “वाटते,” ती म्हणाली. “पण सांगेन. शब्द देते.”

“चालत जायचं. मी चालत जाणार होते.”

“चालत जाईन.”

“आणि तिनं काय कौल दिला, ते मला खरं सांगायचं. माझ्या समाधानासाठी काहीबाही रचायचं नाही.”

“वहिनी, तुम्ही माझ्यावर इतकाही विश्वास ठेवणार नाही का?”

“ठेवतेय म्हणून तर पाठवतेय,” वहिनी म्हणाल्या. मग मॅडमकडे वळून: “डॉक्टरबाई, त्या दह्यात साखर घातली तर चालते ना?”

मंगळवारी उजाडायच्या आत स्वप्नालीची आंघोळ झाली. नवरा उठून “गाडीनं सोडू का पायथ्यापर्यंत?” म्हणाला, तिनं नकारार्थी मान हलवली. तिनं साधी सुती साडी नेसली, केसांना गाठ मारली. काय बोलायचं ते काल तिनं कागदावर लिहून पाहिलं होतं, पण वाचून बोललेलं वहिनींना चालायचं नाही, म्हणून कागद घरातच ठेवला.

वर दिवा लागला होता. वहिनी उठल्या होत्या, पण जिन्यात आल्या नाहीत आणि स्वप्नालीनंही हाक मारली नाही.

अंगणातून बाहेर पडताना तिनं फाटकाची कडी आवाज न करता लावली. रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. सात किलोमीटरवर टेकाईचा डोंगर अंधारात नुसता एक जाड रेघ होऊन उभा होता. चार पावलं गेल्यावर तिनं घसा खाकरला आणि हलक्या आवाजात म्हणून पाहिलं, “आई, मी शैलजा शेट्यांची धाकटी जाऊ.” आवाज फारच बारीक आला. तिनं पदर खोचला आणि चालता चालता तेच वाक्य पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्यानं.